मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि घरचें ताट

लोहाऱ्यासारख्या गांवीं कोणी आजारी पडलें म्हणजे शेजारीपाजारी संत्रीं किंवा शहाळें घेऊन भेटीस जातात. रीत प्रेमाची खरी. परंतु ज्याचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत, त्यास हीच भेट कधीं कधीं घातक होते. ह्यास्तव अशा रोग्याच्या पथ्याविषयीं आम्ही येथें थोडें सांगतों.

मूत्रपिंडें रक्तांतील जास्तीचें मीठ, पाणी, पोटॅशियम आणि प्रथिनांपासून होणारीं टाकाऊ द्रव्यें बाहेर टाकितात. तीं थकलीं म्हणजे हें सर्व शरीरांत सांचतें. कोणाचें काय सांचलें हें रक्त तपासल्यावांचून कळत नाहीं. म्हणून एकाचें पथ्य दुसऱ्यानें उचलूं नये.

पहिली गोष्ट मिठाची. दिवसाचें सारें मीठ 5 ग्रॅमच्या आंत, म्हणजे लहान चमचाभरच, असावें. लोणचें, पापड व ठेचा ह्यांतील मीठही त्यांतच धरावें. कमी सोडियमचें म्हणून विकतात तें मीठ घेऊं नये. त्यांत बहुधा पोटॅशियम असतें.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. तें रक्तांत फार वाढल्यास हृदय बंद पडूं शकतें. ज्याचें वाढलें असेल त्यानें संत्रीं, केळीं, शहाळें, बटाटा, टोमॅटो व पालक ह्यांपासून जपावें. भाजी चिरून पुष्कळ पाण्यांत उकडावी व तें पाणी टाकून द्यावें. सफरचंदाची फोड बहुधा चालते. कमरख मात्र अशा कोणत्याही रोग्यानें खाऊं नये.

तिसरी गोष्ट प्रथिनांची. कित्येक जण भिऊन वरण अजीबात सोडतात व अशक्त होतात. डायलिसिस नसलेल्या प्रौढास वजनाच्या दर किलोमागें सुमारें 0.8 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या मनुष्यास 40 ग्रॅम, प्रथिनें पुरतात. 100 ग्रॅम तूरडाळींत सुमारें 22 ग्रॅम व तितक्याच ज्वारीच्या पिठांत सुमारें 10 ग्रॅम असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र प्रथिनें अधिक लागतात.

पाण्याचें प्रमाण डॉक्टरांस विचारावें. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत फ्लोराइड अधिक आहे; पाणी उकळल्यानें तें जात नाहीं, आणि दुबळीं मूत्रपिंडें तें नीट बाहेर टाकूं शकत नाहींत. म्हणून तपासलेल्या स्रोताचेंच पाणी प्यावें.

शेवटीं घरच्या मंडळीस आमचें सांगणें एवढेंच कीं, रोग्यास अळणी ताट देऊन एकटें बसवूं नका. सर्वांच्याच भाजींत मीठ कमी घाला. मधुमेह व रक्तदाब हीं ह्या विकाराचीं मोठीं कारणें आहेत. कमी मिठानें इतरांचा रक्तदाबही आटोक्यांत राहील, आणि रोगी सर्वांच्या पंगतीस बसून जेवील.