अंगणातले पेव

भाद्रपदात कोकणातल्या एखाद्या ओढ्याच्या काठाने जा. माणसाच्या उंचीचे, कधी त्याहूनही उंच हिरवे दांडे उभे दिसतील. दांड्याभोवती पाने जिन्यासारखी वळत वळत वर चढतात. टोकाला लाल बोंड असते. त्यातून पांढरे फूल बाहेर येते, पातळ कागद चुरगळून ठेवावा तसे. हे पेव. कुणी याला पिनगा म्हणतात. आले-हळदीच्या नात्यातले हे झाड. पण पान चोळून बघा, आल्यासारखा वास येत नाही.

पेव आपल्याच मातीतले आहे. बाजारातल्या परदेशी रोपाला आपण पैसे मोजतो, आणि हे मात्र तण म्हणून कापून टाकतो! घरामागे ओलसर जागा असेल तर लावून बघा. थोडी सावली चालते. सकाळचे ऊन मिळाले तर फुले जास्त येतात.

पेवाला जमिनीखाली कंद असतो. मृगाच्या आधी एकदोन डोळे असलेला बोटभर तुकडा घ्या. ओढ्याकाठचे सगळे बेट उपटू नका, कडेचा तुकडा पुरे. तो चार बोटे खोल पुरा. दोन तुकड्यांत दोन हात अंतर ठेवा. शेणखत घाला, वर पालापाचोळा पसरा. माती ओली हवी, पण पाणी तुंबू देऊ नका. नाहीतर कंद कुजतो.

आता आमची फजिती ऐका. पहिल्या वर्षी फुले छान आली. दिवाळीनंतर पाने पिवळी पडली. पुढे दांडेही वाळले. “मेलं वाटतं झाड,” असे म्हणून आम्ही वाफा खणला, कंद उकिरड्यावर टाकले आणि तिथे मिरच्या लावल्या. मृगाचा पाऊस पडला. ओढ्याकाठी पेव पुन्हा हिरवेगार! आणि आमच्या उकिरड्यावरही दोन कोंब वर आलेले. झाड मेले नव्हते, जमिनीखाली झोपले होते. तेच कंद आम्ही परत वाफ्यात आणले.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या कंदात डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते. त्यापासून कारखान्यात औषधे बनवता येतात. पण म्हणून घरी कंद उगाळून कुणाला पाजायचा नाही, बरे का!

दांडे वाळले की कापा आणि त्या जागी एक काठी रोवा. हिवाळाभर तिथे खणू नका. कोंब दिसले की मग काठी काढा.