हीटर प्लगचा दोष कसा ओळखावा?

पहाटे मासळीचा किंवा भाजीचा टेम्पो सुरूच झाला नाही, तर मालकाची त्या दिवसाची रोजी बुडते. मग नवी बॅटरी घेतली जाते, स्टार्टर उघडला जातो, पंप कॅलिब्रेशनला जातो, आणि एवढा खर्च झाल्यावर कळते की दोष एका लहानशा हीटर प्लगचा होता. पुस्तकात यालाच ग्लो प्लग म्हणतात. त्याची तपासणी मल्टीमीटर किंवा साध्या टेस्ट लॅम्पने होते. ती आधी करावी, पंपाला हात नंतर लावावा, असे आमचे गॅरेजवाल्या बांधवांना सांगणे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. इंजिन थंड असेल तर ही उष्णता आजूबाजूचे लोखंडच शोषून घेते. जुनी डिझेल अॅम्बेसेडर, मॅटाडोर यांसारख्या गाड्यांत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठीत फवारले जाते. तिथे ही हानी अधिक होते, म्हणून उन्हाळ्यातही पहाटेच्या पहिल्या स्टार्टला हीटर लागतो. मोठ्या ट्रकच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत बहुधा हा प्लग नसतोच. आजच्या कॉमन रेल गाड्यांत मात्र तो असतो आणि इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ तापत राहतो.

आता लक्षणे. गाडी थंड असताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, सुरू झाल्यावर एक-दोन सिलिंडर मिसिंग करतात आणि चार-पाच मिनिटांत सारे सुरळीत होते. असे असेल तर पहिला संशय हीटर प्लगवर घ्यावा. गरम असतानाही गाडी सुरू होत नसेल तर दोष दुसरीकडे आहे. स्टार्टर फिरत असताना धूर अजिबातच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. लाईनमध्ये हवा आहे का, सोलेनॉईड उघडतो का, ते पाहावे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावे.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागून विझला म्हणजे प्लग चांगले, असे अनेक ड्रायव्हर समजतात. बहुतेक गाड्यांत तो दिवा टायमरवर चालतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो लागतो आणि विझतो.

तपासणी थंड इंजिनावरच करावी. इंजिन गरम असताना बऱ्याच गाड्यांचा टायमर प्लगना करंट देतच नाही, आणि चांगला रिले फुकट बदलला जातो. किल्ली हीटरवर ठेवून प्लगची पट्टी आणि इंजिनचे लोखंड यांत व्होल्ट मोजावेत. 12 व्होल्टच्या गाडीत 11च्या आसपास मिळाले तर रिले, फ्यूज ठीक. काहीच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. आठ-नऊच मिळत असतील तर बॅटरी, जळालेले कॉन्टॅक्ट, सैल नट किंवा इंजिनची अर्थिंग पाहावी.

मग पट्टी सोडवावी. यात आळस करू नये, कारण पट्टी जोडलेली असेल तर एका प्लगवर मीटर लावूनही चारही प्लग मिळून मोजले जातात आणि मेलेला प्लग लपतो. प्रत्येक प्लगचे टोक आणि लोखंड यांत ओहम मोजावेत. बहुतेक चांगले प्लग अर्धा ते दोन ओहम दाखवतात. मीटरच्या वायरींचा रोध आधी मोजून वजा करावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग तुटला आहे. एकाचा आकडा बाकी तिघांपेक्षा फारच वेगळा असेल तरी तो बदलावा. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी प्लगच्या टोकाला लावावी. दिवा लागला नाही तर प्लग गेला.

प्लग काढून थेट बॅटरीवर लाल करून पाहण्याची उस्ताद मंडळींची रीत आहे. ती 12 व्होल्टच्या प्लगलाच चालते. जुन्या सीरीज जोडणीचे तारेचे प्लग आणि आजचे कमी व्होल्टचे प्लग असे लावले तर जागीच जळतात. सीरीजमध्ये एक प्लग गेला की चारही बंद पडतात, हेही ध्यानात ठेवावे.

काढलेल्या प्लगचे टोक नीट पाहावे. ते वितळले असेल तर नुसता नवा प्लग घालून गिऱ्हाइकाला पाठवू नये. इंजेक्टर ठिबकतो का, टायमिंग पुढे आहे का, ते तपासावे. फुगले असेल तर रिले चिकटून करंट चालूच राहत असावा.

सगळ्यात मोठे नुकसान प्लग काढताना होते. गंजलेला प्लग जोर लावल्याने हेडमध्येच तुटला तर हेड उतरवावे लागते. इंजिन कोमट करावे, आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून वाट पाहावी, हातपान्याने थोडे पुढे-मागे करत काढावा. नवा बसवण्याआधी भोकातला कार्बन साफ करावा.

हीटर बंद आहे म्हणून इथरचा स्प्रे मारण्याची सवय काही ठिकाणी आहे. तापलेल्या प्लगवर इथर गेला तर इंजिनात स्फोटासारखा भडका होतो, पिस्टन फुटू शकतो. ते करू नये.

काम झाल्यावर गाडी दुपारी सुरू झाली याला अर्थ नाही. ती तर जुन्या प्लगवरही झाली असती. शक्य असेल तर गाडी रात्रभर ठेवून घ्यावी आणि सकाळी मालकासमोर पहिला स्टार्ट मारावा.