गड्ड्यात खेळणी विकताय? शिक्का बघून माल भरा

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात होम मैदानावर गड्डा यात्रा भरते आणि खेळण्यांचा माल उचलायची घाई सुरू होते. या घाईत पेटी फोडून शिक्का बघायचं राहून जातं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ही सक्ती बनवणाऱ्याला आहे तशीच विकणाऱ्यालाही आहे, मग दुकान नवी पेठेत असो की यात्रेत चार दिवसांचं.

विकणाऱ्याला परवान्याचा खर्च शून्य. चिन्हाचा परवाना भारतीय मानक ब्यूरोकडून (बीआयएस) कारखानदाराने घ्यायचा. तुम्ही चिन्हाच्या वर आयएस ९८७३ (विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्याला आयएस १५६४४) आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा क्रमांक बघा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. पाकिटावरचं नाव जुळलं नाही तर माल परत करा. नुसतं चिन्ह आहे, क्रमांक नाही, असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बिल पक्कंच घ्या. साध्या खेळण्यांवर आता जीएसटी ५ टक्के, म्हणजे हजाराच्या मालाला ५० रुपये. उलट बिनशिक्क्याचा माल सापडला तर २०१६च्या मानक ब्यूरो कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला किमान २ लाख दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पुढच्या वेळी दंड किमान ५ लाख.

घरी बाहुल्या शिवून विकणाऱ्या ताई मात्र कायद्याने उत्पादक ठरतात. अर्जाचे १,००० आणि परवान्याचे वर्षाला १,००० रुपये ऐकून हुरळून जाऊ नका. तपासणी, चाचणी आणि मार्किंग फी वेगळी. आधी प्रयोगशाळेचं कोटेशन मागवा. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना शिक्क्याच्या सक्तीतून सूट आहे, तशीच चन्नपट्टणसारख्या भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांनाही. खेळणं लाकडी आहे एवढ्यावर सूट मिळत नाही.

शिक्का असला तरी बाहुलीचा डोळा ओढून बघा. साधारण ३२ मिलिमीटर रुंद नळकांड्यात मावेल एवढा सुटा तुकडा तीन वर्षांखालच्या बाळाचा श्वास अडवू शकतो. बटन सेलचं झाकण स्क्रूनेच बंद हवं. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजून काढू शकतो.

आईवडिलांनी बिल जपून ठेवावं. तक्रारीसाठी १९१५ लावा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.