लाकडी रुळांवरचे वादळ

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला, जेथे ब्रुकलिनची वस्ती संपते आणि अटलांटिक महासागराची वाळू सुरू होते, तेथे कोनी आयलंड नावाचे एक ठिकाण आहे. आयलंड म्हणजे बेट. परंतु मधली खाडी बऱ्याच अंशी बुजल्यामुळे ते आता बेट राहिलेले नाही. १९२० च्या सुमारास शहराची रेल्वे येथपर्यंत आली आणि अवघ्या पाच सेंटांच्या तिकिटात कारखान्यातला मजूरही आपली बायकामुले घेऊन समुद्रावर येऊ लागला. कोंदट, दाटीवाटीच्या खोल्यांत आठवडा काढणाऱ्या त्या लोकांना येथे एक दिवस वारा मिळे, पाणी मिळे आणि थोडी मौजही मिळे. आपल्याकडे जत्रेत पाळण्याभोवती जशी झुंबड उडते, तशी येथे रोलर कोस्टरभोवती उडत असे, आजही उडते.

रोलर कोस्टर म्हणजे चढउतारांच्या रुळांवरून धावणारी मौजेची गाडी. खोपोलीजवळच्या मनोरंजन उद्यानात तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असेल, एखाद्या धीटाने तीत बसूनही पाहिले असेल. हिचे मूळ रशियात आहे. तेथे हिवाळ्यात लाकडाचे उंच मचाण बांधून त्याच्या उतारावर पाणी ओतीत. पाण्याचे बर्फ झाले की त्यावरून लोक घसरत खाली येत. पुढे १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या आणि खाचांचे रूळ करून हाच खेळ बर्फावाचून खेळला जाऊ लागला. म्हणून फ्रेंच भाषेत या गाडीला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गमतीची गोष्ट अशी, की खुद्द रशियन लोक मात्र तिला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात!

अमेरिकेत या खेळाची वाट कोळशाच्या खाणीने दाखविली. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ पासून कोळशाने भरलेले डबे डोंगरावरून आपल्याच वजनाने खाली सोडीत. रिकामे डबे परत वर ओढण्यासाठी खेचरे लागत. म्हणून उतरताना ती खेचरेही स्वतंत्र डब्यात बसून खाली येत. पुढे कोळशाला दुसरा मार्ग मिळाला, आणि खेचरांनी भोगलेले ते सुख माणसे पैसे देऊन भोगू लागली. १८८४ साली लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने कोनी आयलंडला असाच एक मार्ग उभारला. त्याची गाडी ताशी जेमतेम १० किलोमीटर वेगाने जाई. उतारू बाकावर बाजूला तोंड करून बसत आणि समुद्र पाहत पाहत पलीकडच्या टोकाला पोहोचत. मग खाली उतरत, नोकर गाडी ढकलून वर चढवीत आणि मंडळी परत फिरत. एवढ्यासाठी माणसे पाच सेंट देत आणि रांगेत तिष्ठत उभी राहत. ज्या जागी तो मार्ग होता, त्याच जागी १९२७ च्या २६ जूनला एक नवी रोलर कोस्टर सुरू झाली. तिचे नाव ‘सायक्लोन’, म्हणजे चक्रीवादळ. ती अजून चालू आहे.

माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात आई आणि मी त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी आम्ही सर्वजण ही सायक्लोन पाहण्यास निघालो. पुतणी बारा वर्षांची, पुतण्या आठ वर्षांचा. पुतणी मागल्या वर्षी रांगेत अर्ध्यावर जाऊन परत फिरली होती, आणि शाळेतल्या मैत्रिणींना ते ठाऊक होते. या खेपेला ती घरून निघाल्यापासून गप्प होती. वहिनींनी दिलेले सँडविचही तिने अर्धे तसेच ठेवले.

पुतण्याला मात्र गप्प बसणे ठाऊक नाही. “ही गाडी उलटी का होत नाही? दुसरीकडच्या होतात!” असे त्याने रेल्वेतच विचारले. भावाने त्याला सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८९५ साली याच कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची एक गाडी होती. तिचा मार्ग उभ्या वर्तुळासारखा अगदी गोल असून ती उतारूंना खाली डोके, वर पाय करून फिरवीत असे. परंतु उतारूंच्या माना अवघडत व दुखावत. याचे कारण साधे आहे. पूर्ण गोल वर्तुळाच्या माथ्यावर गाडी आपल्या वेगानेच रुळांना चिकटून राहावी असे वाटत असेल, तर तळाशी तिला इतका वेग लागतो, की तेथे बसणाऱ्याला आपले वजन निदान सहापट झाल्यासारखे वाटते. ३० किलो वजनाच्या मुलाला क्षणभर १८० किलोचे व्हावे लागले, तर त्याच्या मानेची काय गत होईल? फ्लिप फ्लॅप लवकरच बंद पडली. पुष्कळ वर्षांनी, १९७६ साली, कॅलिफोर्नियातील एका उद्यानात अन्टोन श्वार्त्सकोफ या जर्मन कारागिराने आणि वेर्नर स्टेंगेल या अभियंत्याने हा प्रश्न सोडविला. त्यांनी वर्तुळ गोल ठेवलेच नाही. ते पाण्याच्या थेंबासारखे, खाली पसरट आणि वर निमुळते केले. त्यामुळे वेग अधिक असतो त्या ठिकाणी वळण सौम्य झाले आणि वेग मंदावतो त्या ठिकाणी ते आवळले गेले. १९२७ सालच्या सायक्लोनच्या अंगी मात्र ही विद्या नव्हती. ती उलटी होत नाही. पुतण्याला हे उत्तर फारसे रुचले नाही.

स्थानकातून बाहेर पडून थोडे चालल्यावर रस्त्याच्या कडेला तो पांढऱ्या रंगाचा सांगाडा दिसला. सायक्लोनला लाकडी म्हणतात. परंतु तिचा सांगाडा पोलादी आहे, लाकडी आहे तो तिचा मार्ग. लाकडाच्या फळ्या एकावर एक बसवून, त्यांच्यावर पोलादाची पट्टी ठोकून हे रूळ केलेले असतात. गाडी वरून गेली की सगळा मार्ग करकरतो, किंचित हलतोही. आईने डोळ्यांवर हात धरून ते पाहिले आणि विचारले, “अरे, हे लाकूड तपासतो तरी कोण?” प्रश्न अगदी रास्त होता. रोज सकाळी फाटक उघडण्यापूर्वी कामगार या मार्गावरून पायी चालत जातात. फळ्या, खिळे, बोल्ट पाहतात. सैल झाले असेल ते आवळतात. मग रिकामी गाडी फिरवून बघतात, आणि त्यानंतर उतारूंची पाळी येते. शिवाय गाडीच्या चाकांची रचनाही पाहण्याजोगी असते. काही चाके रुळाच्या वरून धावतात, काही बाजूने टेकलेली असतात, तर काही रुळाच्या खालच्या अंगाने धावतात. ही खालची चाके जॉन मिलर या अमेरिकनाने १९१९ मध्ये आपल्या नावावर नोंदविली. त्यांच्यामुळे गाडी रुळाला जणू मुठीत धरते आणि उसळी आली तरी रूळ सोडून जात नाही. ही चाके नसती, तर सायक्लोनसारखी गाडी बांधण्याचे धाडस कोणीच केले नसते.

फाटकाजवळ उंची मोजण्याची खूण आहे. १३७ सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या मुलास आत सोडीत नाहीत. पुतण्या टाचा उचलून उभा राहिला. तरी चार बोटे कमीच पडली. पहाऱ्यावरच्या माणसाने हसून मान हलविली. आई व वहिनी त्याला घेऊन बाहेर थांबल्या आणि आम्ही तिघे रांगेत शिरलो.

रांग पुढे सरकू लागली तसा पुतणीचा हात गार पडला. “बाबा, गाडी चढावर बंद पडली आणि मागे घसरली तर?” तिने विचारले. भाऊ म्हणाला, “चढताना टकटक असा आवाज येईल, तो नीट ऐक. गाडीखाली खटका आहे आणि रुळांमध्ये दात्यांची पट्टी आहे. दर दात्यावर खटका पडतो, त्याचा तो आवाज. साखळी तुटली तरी गाडी एका दात्यापेक्षा अधिक मागे जाणार नाही. आणि हे बघ, तुला परत फिरायचे असेल तर आताही फिरता येईल. मी तुझ्याबरोबर येईन.” माझ्या मते त्याने हे शेवटचे वाक्य उच्चारले हे फार चांगले केले. पुतणी काही बोलली नाही. पण परतही फिरली नाही.

गाडीला तीन डबे. प्रत्येकात आठ याप्रमाणे चोवीस माणसे बसतात. भाऊ आणि पुतणी पहिल्या रांगेत बसली, मी त्यांच्या मागे. मांडीवर लोखंडी दांडा आला. कामगाराने एक लांबलचक तरफ हाताने ओढली, अडकण सुटली आणि गाडी हलली. साखळीने तिला पकडले. टक, टक, टक. उजवीकडे समुद्र वर येऊ लागला. नंतर वाळूतली माणसे ठिपक्यांएवढी झाली. २६ मीटर उंचीवर आवाज थांबला.

येथे साखळीचे काम संपते. तुम्हांस ठाऊक नसेल, पण या गाडीला इंजिन नाही. या पहिल्या चढावर तिने जी उंची मिळविली, तीच तिची सगळी शिदोरी. उतारावर ती उंची खर्च करून वेग घेते आणि पुढल्या चढावर वेग खर्च करून उंची घेते. चाकांच्या घर्षणाने व वाऱ्याच्या अडथळ्याने त्यातले थोडे थोडे वाटेतच झिजून जाते. म्हणून कोणतीही पुढची टेकडी पहिलीपेक्षा उंच असून चालत नाही; तशी बांधली तर गाडी तिच्यावर चढणारच नाही. सायक्लोनचा सर्वांत मोठा वेग ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, असे सर्वत्र छापलेले आढळते. परंतु घरी परतल्यावर भावाने कागदावर गणित मांडले. घर्षण मुळीच धरले नाही, तरी २६ मीटरांवरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग ताशी ८१ किलोमीटरच भरतो. छापलेल्या आकड्यापेक्षा मी गुरुत्वाकर्षणावर अधिक विश्वास ठेवतो.

अर्थात त्या क्षणी मला यातले काहीही सुचत नव्हते. माथ्यावर पुढचे रूळ दिसेनासे झाले, आणि सुमारे ५८ अंशांच्या उतारावरून आम्ही खाली आलो. घाटातल्या एखाद्या खाचेतून एस.टी. गेली म्हणजे पोटात गोळा येतो ना? तोच गोळा, पण शतपट मोठा! उंचवट्यावरून गाडी खाली वळते, शरीर मात्र पूर्वीच्याच वाटेने पुढे जाऊ पाहते. म्हणून आपण आसनावरून उचलले जातो आणि मांडीवरचा दांडाच काय तो आपल्याला धरून ठेवतो. एक वळण, पुन्हा उतार, पुन्हा वळण. असे बारा उतार दोन मिनिटांच्या आत संपतात. पुढे बसलेल्या पुतणीची किंकाळी मला ऐकू येत होती. शेजारी बसलेल्या कोणा अनोळखी गृहस्थाने माझा दंड घट्ट पकडला होता, आणि मीही त्यांचा.

हे वादळ एकदा कायमचे शमणार होते. १९६० नंतर कोनी आयलंडला उतरती कळा लागली. गर्दी ओसरली, गाडीची डागडुजी होईना. १९७१ साली शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी ती पाडावी असे ठरू लागले. मत्स्यालय ही काही वाईट गोष्ट नव्हे, आणि गंजलेल्या गाडीसाठी त्याची जागा अडवावी काय, असे कोणी विचारले तर त्याला वेडगळ म्हणता येणार नाही. पण ज्यांच्या आईबापांनी लहानपणी हात धरून येथे आणले होते, त्या नागरिकांनी ती वाचविण्यासाठी चळवळ केली. शहराने ती पाडण्याऐवजी भाड्याने चालविण्यास दिली. दुरुस्ती होऊन १९७५ च्या जुलैमध्ये ती पुन्हा धावू लागली. १९८८ साली न्यूयॉर्क शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, आणि १९९१ साली देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत तिचे नाव लागले. राजवाडे आणि देवळे यांच्याप्रमाणे मौजेच्या गाडीलाही असा मान मिळावा, हे आपल्याला थोडे नवलाचे वाटते. मला ते आवडले.

गाडी थांबली तेव्हा पुतणीच्या दोन्ही तळहातांवर दांड्याचे लाल वळ उमटले होते. जिना उतरेपर्यंत ती काही बोलली नाही. खाली आजीने तिचे विस्कटलेले केस सारखे केले आणि विचारले, “काय ग, फार भ्यालीस?”

“हो,” ती म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे वळून, “काका, आता शेवटच्या रांगेत बसायचे.”

शेवटच्या रांगेचे मर्म तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. पुढचे डबे माथा ओलांडून उताराला लागले तरी मागचे अजून चढावरच असतात, त्यामुळे पुढची माणसे क्षणभर लोंबकळत थांबतात. मागच्यांना मात्र पुढचे डबे ओढतात. त्यांनी माथा गाठेपर्यंत गाडीने वेग घेतलेला असतो आणि ती उंचवट्यावरून अक्षरशः भिरकावली जातात. मी भावाकडे पाहिले, भावाने माझ्याकडे.

पुतण्या हिरमुसला होऊन जमिनीकडे पाहत होता. आईने त्याला जवळ ओढले. “जाऊ देत त्यांना. तू आणि मी इथे उभे राहू. ताई किती वेळा ओरडते ते तू मोज. काका किती वेळा ओरडतो ते मी मोजते.”

आम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो.