मुक्या सोबत्याचा वियोग

घरचे कुत्रे वा वासरू दगावले असता डोळ्यांत पाणी येते; त्याची लाज मानू नये. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. त्यांचा मांडलिक गंगराजा बूतुग याच्याकडून मणलेर नामक वीराने ‘काळी’ हे शिकारी श्वान मागून घेतले. रानडुकराशी झुंजताना ते मरण पावले. इ. स. ९५० च्या सुमारास मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे त्याचा वीरगळ उभारला गेला. पूजेसाठी जमीनही नेमून दिली. आज तो बंगळूरच्या संग्रहालयात आहे.

शोक दडपल्याने शमत नाही. त्याला कृतीची वाट द्यावी. सोबत्याला आदराने पुरावे, तेथे रोप लावावे, घरच्यांजवळ त्याच्या आठवणी सांगाव्यात. थोरांनीही अशा वेळी मुलांना हसू नये.