पायाखालची माती

वसाहतीतील रस्ता उखडला की रहिवाशांची एकच मागणी असते : नवे डांबर घाला. डांबर पडते, रस्ता काळाभोर दिसू लागतो आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर त्याच जागी तेच खड्डे पुन्हा उघडे पडतात. थरावर थर चढत गेल्याने रस्ता उंचावतो, घरांचे उंबरे खाली राहतात आणि पावसाचे पाणी अंगणात शिरते. दोष मातीत आणि उपचार डांबरावर, असे झाल्यास याहून वेगळे काय घडणार?

वाहनाचा भार डांबर, खडी व मुरूम यांच्या थरांतून पसरत खाली जातो. अखेरीस तो मातीलाच सोसावा लागतो. दख्खनचे पठार, माळवा आणि गुजरातचा काही भाग येथे काळी माती आढळते. पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे ती कापसाला वरदान ठरते. रस्त्याला मात्र तोच गुण बाधतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही मग तिच्याबरोबर हलतो.

म्हणून पुनर्बांधणीपूर्वी परीक्षा हवी. तिची पहिली पायरी म्हणजे डोळस पाहणी. चाकांच्या वाटेवर जाळीदार भेगा असतील, तर खालचा आधार खचल्याची शंका येते. कडा ढासळल्या असतील, तर बाजूच्या गटाराकडे पाहावे लागते. पाणी कोठे साचते, नळासाठी चर कधी खणला होता, हे जुन्या रहिवाशांना अचूक ठाऊक असते. त्यांना विचारल्यावाचून पाहणी पुरी होत नाही.

दुसरी पायरी चाचणी-खड्ड्याची. रस्ता ठिकठिकाणी खणून प्रत्येक थराची जाडी मोजतात. खडीत चिखल मिसळला आहे काय, माती ओली आहे काय, हे तेथे उघड होते.

त्यानंतर माती प्रयोगशाळेत जाते. चाळलेल्या कोरड्या मातीचे १० ग्रॅमचे दोन नमुने दोन नळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरून त्या २४ तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही. समजा, रॉकेलात तिचे घनफळ १० मिलिलिटर आणि पाण्यात १६ मिलिलिटर भरले, तर ती ६० टक्के फुगली असे ठरते.

मातीची ताकद सी.बी.आर. चाचणीने कळते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागाने ही चाचणी प्रथम विकसित केली. ठोकून घट्ट केलेला नमुना ४ दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, कारण रस्त्याची खरी कसोटी भर पावसातच लागते. मग ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा त्यात २.५ मिलिमीटर रुतविण्यास किती भार लागतो, हे पाहतात. प्रमाण मानलेल्या खडीला १३७० किलोग्रॅम भार लागतो. एखाद्या मातीला केवळ ४१ किलोग्रॅम पुरले, तर तिची ताकद खडीच्या ३ टक्केच आहे.

या उत्तरांवर उपाय ठरतो. माती व खालचे थर सक्षम असतील, तर वरचा जुना थर खरवडून नवा घालणे पुरते. रस्ताही उंचावत नाही. माती दुबळी असेल, तर ती काढून चांगला मुरूम भरावा लागतो किंवा तिच्यात चुना मिसळून तिचे फुगणे आवरावे लागते. पाण्याचा निचरा तर दोन्ही प्रसंगी अनिवार्यच.

परीक्षेला वेळ लागतो, खर्चही होतो, आणि खड्ड्यांनी त्रासलेल्या रहिवाशांना हा विलंब अनाठायी वाटतो. परंतु न तपासता बांधलेल्या रस्त्याची परीक्षा पुढे पाऊसच घेतो, आणि तिचे मोल रहिवाशांनाच मोजावे लागते.

स्वाध्याय
१. काळ्या मातीचा एकच गुण शेतीला उपकारक व रस्त्याला अपायकारक कसा ठरतो?
२. सी.बी.आर. चाचणीत नमुना पाण्यात का बुडवितात?
३. तुमच्या परिसरातील एका रस्त्याची पाहणी करून दहा ओळी लिहा.