फुकट खरं, पण कोणत्या अटीवर?

दिवाळीच्या सुट्टीत औशाला काकांच्या अडत दुकानासाठी मी बिलाचं सॉफ्टवेअर केलं. सोयाबीन, तूर, हमाली, तोलाई सगळं त्यात. नेटवरची तयार लायब्ररी जोडली, लायसन्सची फाईल कचरा समजून उडवली आणि शेजारच्या दुकानदाराशी विक्रीची बोलणीही केली. हॉस्टेलवर रूममेटने विचारलं, "अटी वाचल्यास का?" वाचल्या आणि घामच फुटला.

ओपन सोर्स म्हणजे बेवारस नव्हे. कॉपीराइट लेखकाचाच राहतो. लायसन्स फक्त परवानगी देतं. विकायलाही बंदी नसते, अटी मात्र वेगवेगळ्या.

एमआयटी : कॉपीराइटची नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. स्वतःचा कोड झाकून ठेवला तरी चालतो.

जीपीएल : खुशाल विका, पण ज्याला प्रोग्राम द्याल त्याला पूर्ण सोर्स कोडही त्याच लायसन्सखाली द्या. जोडलेला तुमचा कोडही त्यात आला.

ओएफएल : हे फॉन्टसाठी. रेड हॅटचा 'लोहित देवनागरी' २०११ मध्ये जीपीएलवरून यावर आला. बिलात वापरा, सॉफ्टवेअरबरोबर द्या. नुसता फॉन्ट विकता येत नाही.

माझी लायब्ररी नेमकी जीपीएलची! भीतभीत काकांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या तू पुण्याला नोकरीला गेलास, तर दुसऱ्या पोराला हे दुरुस्त करता येईल ना? मग दे की!"

अट कोणासाठी असते, ते तेव्हा कळलं. तेव्हा प्रोजेक्ट विकण्याआधी ती छोटी फाईल उघडून बघाच.